करमाफी आणि देखरेख : चिंचणी-तारापूर परिसराच्या संदर्भात धार्मिक संस्थांच्या नियमनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

धार्मिक संस्थांना करातून सूट का द्यावी, आणि सूट दिल्यानंतर त्यांच्या कारभारावर कोणी व किती लक्ष ठेवावे, हे दोन प्रश्न आज बहुधा स्वतंत्रपणे चर्चिले जातात. पहिला आयकर सल्लागारांचा आणि दुसरा धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हे दोन्ही प्रश्न एकाच व्यवहाराच्या दोन बाजू म्हणून दिसतात. राज्यसत्तेने आपल्या महसुलाचा काही भाग सोडून द्यायचा आणि त्या बदल्यात तो भाग ठरलेल्या धर्मकार्याकडेच जातो याची हमी घ्यायची, असे या व्यवहाराचे मूळ स्वरूप आहे.

या व्यवहाराचा दीर्घ पट पाहण्यासाठी पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर-चिंचणी हा पट्टा उपयुक्त ठरतो. तारापूरच्या खाडीच्या एका काठावर तारापूर आणि दुसऱ्या काठावर चिंचणी वसलेले आहे. थोडे पूर्वेला बोईसरचे रेल्वे स्थानक आणि औद्योगिक वसाहत लागते. १९६९ साली तारापूर अणुविद्युत केंद्र सुरू झाल्यापासून हा परिसर देशाला अणुशक्तीच्या संदर्भात परिचित झाला. परंतु धर्मदायाच्या इतिहासात त्याचे स्थान त्याहून एक हजार वर्षे जुने आहे. राष्ट्रकूट, शिलाहार, पोर्तुगीज, मराठे व इंग्रज या सर्व सत्तांनी येथे अंमल केला. त्यामुळे करमाफीची निरनिराळी रूपे एकाच भूमीवर तपासता येतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) चिंचणी-तारापूर परिसरातील धार्मिक दानांचे स्वरूप व त्यांमागील अटी समजून घेणे.
२) ब्रिटिश काळातील इनाम-चौकशी व तत्संबंधी कायद्यांचा देवस्थान जमिनींवरील परिणाम पाहणे.
३) १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने करसूट व देखरेख यांची कशी सांगड घातली, याचा आढावा घेणे.
४) या व्यवस्थेतून कोण वगळले गेले व त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ताम्रपटांचे प्रकाशित वाचन, ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, संबंधित अधिनियमांतील तरतुदी आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय ही मुख्य साधने होत.

१. चिंचणीचे ताम्रपट : दान, साक्षीदार आणि अट

डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे १९५५ साली ताम्रपटांचा एक संच सापडला. दिनेशचंद्र सरकार यांनी त्याचे वाचन 'एपिग्राफिया इंडिका'च्या ३२ व्या खंडात प्रसिद्ध केले. या संचातील राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतील लेख शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यावेळी संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा, कारभार मधुमती सुगतिप या ताजिक अधिकाऱ्याकडे होता. 'ताजिक' ही अरबांसाठी वापरली जाणारी संज्ञा असून 'मधुमती' हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप आहे. त्याने दोन प्रवाहांवर विनामूल्य नावा चालविल्याचा आणि संयान येथे अन्नछत्र घातल्याचा उल्लेख या लेखात येतो.

याच सुगतिपाच्या काळात अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेस जमीन देण्यात आली. मठिकेतील देवीचा नैवेद्य, वास्तूची दुरुस्ती आणि संयानच्या पंचगौडीय महापरिषदेतील व्यक्तींचे भोजन, असे खर्चाचे हेतू लेखात नमूद आहेत. त्यासाठी कानाडुक हे गाव आणि देविहार गावातील काही जमीन नेमून दिली गेली. मुसलमान अधिकारी, हिंदू देवीची मठिका आणि राष्ट्रकूट राजसत्ता यांचा हा संयोग अनेक अभ्यासकांनी धार्मिक सहजीवनाचा पुरावा म्हणून उद्धृत केला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. दान हेतूसह दिले जाते, आणि ते सर्वांना कळविले जाते. राज्याने सोडलेले उत्पन्न नेमके कशावर खर्च व्हावे, हे धातूच्या पत्र्यावर कोरून ठेवले आहे.

त्याच मठिकेशी संबंधित, तिसऱ्या कृष्णाच्या काळातील लेख एका वादाविषयी आहे. मठिकेच्या जमिनीत भिल्लमालदेव या दुसऱ्या देवतेच्या मालकीचा तुकडा होता. दोन्ही संस्थांच्या प्रतिनिधींमध्ये व्यवस्था ठरली आणि मठिकेने ४० द्रम्म द्यावेत असा निर्णय झाला. दोन देवस्थानांमधील जमिनीचा वाद लेखी तडजोडीने मिटविल्याचे हे या परिसरातील एक प्राचीन उदाहरण होय. शके ९५६ म्हणजे इ. स. १०३४ च्या लेखात शिलाहार राजा छित्तराज याचा मांडलिक चामुंडराज याने याच मठिकेला एक तेलघाणा दिल्याचे नमूद आहे. देवीपुढील दिवा आणि विद्वानांच्या पायांना लावण्याचे तेल हा त्याचा हेतू होता. हे दान ज्यांना कळविले त्यांत अधिकाऱ्यांबरोबर अल्लिय, महर, मधुमत अशी नावे असलेले नगरजनही होते.

येथे देखरेखीची एक प्राचीन पद्धत दिसते. स्वतंत्र खाते नाही, हिशेबनीस नाही, परंतु दानाचा हेतू गावातील निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना ठाऊक आहे. दिवा विझला तर तो का विझला हे विचारू शकणारे साक्षीदार घाण्याच्या आसपासच राहतात. दान मोडणाऱ्यास ताम्रपटांत शाप दिलेला असतो हे खरे. परंतु शापापेक्षा साक्षीदार अधिक उपयोगी पडत असावेत, असे मानण्यास जागा आहे.

२. पोर्तुगीज व मराठा अंमल

सोळाव्या शतकात हा किनारा पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात समाविष्ट झाला. गोव्यात पोर्तुगीजांनी मंदिरांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविले, तर वसई प्रांतात धर्मसंघांकडे मोठ्या जमिनी एकवटल्या. करमाफी नष्ट झाली नाही, तिचा लाभधारक बदलला. सत्ता बदलली की सुटीचा धनीही बदलतो, हा धडा या काळातून मिळतो. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली.

मराठा काळात इनामाच्या सनदांना विशिष्ट घाट होता. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह जमीन इनाम दिली जाई. परंतु त्याच सनदेत 'खेरीज हक्कदार व इनामदार' असेही शब्द येत. म्हणजे पूर्वीच्या हक्कदारांचे हक्क राखून नवी सूट दिली जाई. शासनाने आपला हक्क सोडला तरी इतरांचे हक्क त्याला सोडता येत नाहीत, ही जाणीव त्या शब्दांत आहे. सनदा नव्या कारकिर्दीत ताज्या करून घेण्याची पद्धत होती. हीदेखील एक प्रकारची मुदतीची तपासणीच होय.

इंग्रजी अंमलाच्या प्रारंभीच्या तारापूरचे चित्र १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये मिळते. तेथील पारशी वस्तीतील अग्यारी विकाजी मेहेरजी यांनी १८२० च्या सुमारास बांधली. ते जमीन व समुद्रमार्गावरील जकातीचे मक्तेदार होते. शासनाची जकात गोळा करणारा मनुष्यच स्वतःच्या संपत्तीतून प्रार्थनास्थळ उभारतो, यावरून महसूल आणि धर्मदाय यांचे नाते केवळ सनदांपुरते मर्यादित नव्हते हे लक्षात येते.

३. इनाम-चौकशी : पुरावा मागणारे राज्य

कंपनी सरकारला करमुक्त जमिनींचे मोठे प्रमाण खटकत होते. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन १७ अन्वये करमाफीच्या दाव्यांच्या चौकशीचे नियम घालून देण्यात आले. १८५२ च्या अधिनियम ११ ने इनाम कमिशनला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. या कमिशनमुळे दख्खन व दक्षिण महाराष्ट्रातील इनामदारांत निर्माण झालेला असंतोष सर्वपरिचित आहे. त्या मानाने देवस्थानांविषयीचा नियम सौम्य होता. ज्या देवळे-मशिदींच्या कायम स्वरूपाविषयी शंका नाही, त्यांच्या निर्वाहाच्या जमिनी कायम चालू ठेवण्याची त्यात तरतूद होती.

कोकण मात्र १८५२ च्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर होते. त्यामुळे १८६३ साली सरसकट तडजोडीचे दोन कायदे झाले. मुंबई अधिनियम २ हा इनाम कमिशनच्या प्रदेशासाठी होता, तर कोकण-गुजरातसारख्या उरलेल्या भागासाठी त्याच धर्तीचा अधिनियम ७ करण्यात आला. अधिनियम २ मध्ये देवस्थानच्या जमिनींसंबंधी एक दूरगामी तत्त्व घातले गेले. वैयक्तिक इनामदाराने ठरावीक रक्कम भरली की जमीन त्याच्या पूर्ण मालकीची व हस्तांतरणीय होई. परंतु धार्मिक वा धर्मादाय संस्थेच्या जमिनीला ही मुभा नव्हती. ती विकता, बक्षीस देता वा मृत्युपत्राने देता येत नसे. सूट कायम, पण विक्री बंद, असा हा सौदा होता.

महसूल दप्तरात ही जमीन पुढे 'वर्ग ३, देवस्थान इनाम' म्हणून ओळखली जाऊ लागली. गावच्या तलाठ्याकडील नमुना ३, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, ही त्या सौद्याची स्थानिक खूण होय. मात्र उत्पन्न प्रत्यक्षात देवाकडे जाते की वहिवाटदाराकडे, हे तपासणारे नियमित यंत्र मुंबई इलाख्यात नव्हते. दिवाणी न्यायालयात दावा लावणे हा एकच मार्ग होता आणि तो सामान्य भाविकाला परवडणारा नव्हता.

४. आयकराचा प्रवेश

१८५७ नंतरच्या आर्थिक ओढगस्तीतून १८६० साली हिंदुस्थानात आयकर आला. १८८६ च्या आयकर अधिनियमाने शेतीचे उत्पन्न कराबाहेर ठेवले आणि केवळ धार्मिक वा सार्वजनिक धर्मादाय कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मालमत्तेचे उत्पन्नही वगळले. इंग्लंडच्या कायद्यातील धर्मादायाची कल्पना येथे धार्मिक हेतूस स्वतंत्र स्थान देऊन रुजविली गेली. १९२२ च्या अधिनियमाने हीच भूमिका पुढे चालविली.

१९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम ११ ते १३ हे या परंपरेचे विस्तृत रूप होय. उत्पन्न विशिष्ट प्रमाणात हेतूसाठी खर्च झाले पाहिजे आणि विश्वस्त वा त्यांच्या नातेवाइकांना लाभ होता कामा नये, या त्यातील प्रमुख अटी आहेत. १ एप्रिल १९७३ पासून नोंदणीची अट आली. २००६ साली निनावी देणग्यांवर ३० टक्के कर बसविला गेला, पण पूर्णतः धार्मिक संस्था त्यातून वगळल्या. दानपेटीत नाव न लिहिता टाकलेल्या पैशाला कायद्याने दिलेली ही मान्यता होय. २०२० च्या वित्त अधिनियमाने नोंदणी कायमची न राहता पाच वर्षांची झाली. मराठा काळातील ताज्या सनदेची येथे आठवण होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्याची तरतूद असलेल्या २०२५ च्या आयकर अधिनियमातही नोंदणी व अटी यांची ही जोडी कायम आहे.

५. १९५० चा अधिनियम आणि १९५४ चा निर्णय

देखरेखीची बाजू राज्याने स्वतंत्रपणे उभी केली. मुंबई प्रांतात १९३५ साली सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या नोंदणीचा व १९३६ साली पारशी सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या नोंदणीचा कायदा झाला. निरनिराळ्या समाजांसाठी निरनिराळे कायदे हा त्या काळचा प्रघात होता. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ने तो मोडून सर्व धर्मांसाठी एकच चौकट आणली. धर्मादाय आयुक्त हे पद निर्माण झाले. नोंदणी, वार्षिक हिशेब, लेखापरीक्षण आणि स्थावर मालमत्तेच्या विक्रीस पूर्वपरवानगी हे तिचे चार आधारस्तंभ होत. नोंदवहीत हिंदू, मुसलमान, पारशी इत्यादी संस्थांसाठी वेगळी अक्षरे ठेवली गेली, परंतु नियम एकच राहिले.

या अधिनियमास खेडा जिल्ह्यातील वेजलपूरच्या जैन देरासराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त यांनी आव्हान दिले. १८ मार्च १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय आजही मार्गदर्शक आहे. धर्माचे आचार-विधी हा संस्थेचा अबाधित प्रांत असून मालमत्तेचा ऐहिक कारभार कायद्याने नियंत्रित करता येतो, ही सीमारेषा न्यायालयाने आखली. त्याच वेळी आयुक्ताला स्वतःच विश्वस्त म्हणून नेमण्याची तरतूद आणि दात्याचा धार्मिक हेतू बदलून पैसा अन्यत्र वळविण्याची मोकळीक देणारा भाग रद्दबातल ठरविला. देखरेख करणाऱ्याने मालक होऊ नये, असा याचा अर्थ होतो.

वादाचा दुसरा मुद्दा पैशाचा होता. कलम ५८ अन्वये संस्थांकडून त्यांच्या ढोबळ उत्पन्नाच्या २ टक्के अंशदान घेतले जाई. हा कर की शुल्क? दोनच दिवस आधी, १६ मार्च १९५४ रोजी, शिरूर मठाच्या खटल्यात न्यायालयाने मद्रासमधील तशा आकारणीस कर ठरवून अवैध घोषित केले होते. मुंबईचे अंशदान मात्र शुल्क ठरून टिकले. कारण ते राज्याच्या सामान्य तिजोरीत न जाता स्वतंत्र निधीत जमा होई व देखरेखीच्या सेवेवरच खर्च होई. देवाच्या उत्पन्नातून घेतलेला पैसा देवाच्या हिशेबासाठीच वापरावा, हा या भेदाचा गाभा आहे. याच निधीत मोठी शिल्लक साचल्याचा प्रश्न पुढे उपस्थित झाला आणि २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने अंशदानाची वसुली थांबली. सेवेपेक्षा वसुली अधिक झाली की शुल्क कराच्या जवळ जाते, हे १९५४ चे तर्कशास्त्र त्यामागे होते.

६. सुटीची किंमत : कूळ, जमीन आणि नोंद

करमाफीचा खर्च फक्त तिजोरीवर पडतो, असे मानणे अपुरे आहे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ८८-ब ने सार्वजनिक पूजास्थानाच्या जमिनींना कूळकायद्याच्या महत्त्वाच्या तरतुदींतून वगळले. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी इतर कुळे कायद्याने मालक झाली, पण प्रमाणपत्र मिळालेल्या देवस्थानच्या जमिनी कसणाऱ्यांना तो लाभ मिळाला नाही. वैयक्तिक इनामे १९५२ च्या कायद्याने संपली, देवस्थान इनामे राहिली.

ज्या प्रदेशात हे घडले त्याची पार्श्वभूमी विसरता येत नाही. १९४५ साली झरी येथील परिषदेपासून डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा दिला होता. कसणाऱ्याची जमीन हा येथे प्रत्यक्ष जगण्याचा प्रश्न होता. म्हणूनच कलम ८८-ब मधील अट निर्णायक ठरते. संस्था १९५० च्या अधिनियमाखाली नोंदलेली असली पाहिजे आणि जमिनीचे संपूर्ण उत्पन्न संस्थेच्या हेतूसाठीच खर्च झाले पाहिजे. ही अट काटेकोरपणे पाळली गेली तरच कुळाने केलेल्या त्यागाला काही अर्थ उरतो. उत्पन्न वहिवाटदाराच्या घरी जात असेल, तर कुळाची जमीनही गेली आणि देवाचा दिवाही गेला.

औद्योगिकीकरणाने या प्रश्नास नवे परिमाण दिले. जी जमीन एके काळी वर्षाला काही मण भात देई, तिला बोईसरसारख्या ठिकाणी बाजारभाव आला. अशा वेळी कलम ३६ मधील पूर्वपरवानगी हाच संस्थेचा मुख्य आधार राहतो. २०१७ च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत व्यवहारानंतरही मंजुरी देण्याची वाट उघडली. ती अपवादच राहील याची दक्षता घेणे आवश्यक आहे. १८६३ च्या सौद्यातील 'विक्री बंद' हा अर्धा भाग सैल झाला, तर 'सूट कायम' या अर्ध्या भागाचे समर्थन कठीण होते.

दुसरीकडे, या परिसरातील अनेक श्रद्धास्थाने कोणत्याच नोंदवहीत मावत नाहीत. वारल्यांचा वाघोबा, हिरवा, हिमाय यांना विश्वस्त मंडळ नसते. शेंदूर लावलेल्या लाकडी वा दगडी वाघोबाला उत्पन्न नाही, म्हणून करही नाही आणि सूटही नाही. परंतु ज्या झाडाखाली तो उभा आहे ती जागा प्रकल्पात गेल्यास दाद मागण्यासाठी कागदही नाही. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने रूढी, परंपरा व सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. त्यामुळे अशा स्थानांसाठी धर्मादाय कार्यालयापेक्षा ग्रामसभा हेच स्वाभाविक पीठ ठरते.

निष्कर्ष

१) चिंचणीच्या ताम्रपटांपासून आजच्या आयकर नोंदणीपर्यंत धार्मिक संस्थेची करमाफी कधीही निव्वळ हक्क नव्हती. ती हेतूशी बांधलेली, अटी असलेली सवलत होती.

२) सूट देणारी सत्ता बदलत गेली तशी देखरेखीची पद्धतही बदलली. प्रथम साक्षीदार, मग सनद, पुढे महसूल दप्तर आणि अखेर लेखापरीक्षण अशी ही वाटचाल आहे. या प्रवासात नोंद अधिक अचूक झाली, परंतु गावातील साक्षीदार मागे पडला.

३) १९५४ च्या निर्णयाने आखलेली आचार व कारभार यांमधील सीमारेषा दोन्ही पक्षांचे संरक्षण करते. संस्थेचे शासनापासून आणि भाविकाचे विश्वस्तांपासून.

४) देखरेख दुबळी राहिल्यास नुकसान प्रथम शासनाचे होत नाही. ते जमीन कसणाऱ्याचे आणि दान देणाऱ्याचे होते.

या निष्कर्षांच्या आधारे काही सूचना करता येतील. गाव नमुना ३ मधील देवस्थान जमिनी आणि धर्मादाय कार्यालयातील नोंदवही यांचा तालुकावार मेळ घालावा. लहान देवस्थानांना लेखापरीक्षणासाठी साहाय्य मिळावे. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी श्रद्धास्थानांची यादी ग्रामसभेच्या ठरावाने तयार व्हावी. आणि देवस्थानांचा वार्षिक हिशेब कार्यालयात सादर होण्याबरोबरच जत्रेच्या दिवशी गावासमोर वाचला जावा. इ. स. १०३४ मध्ये तेलघाण्याचे दान अधिकाऱ्यांबरोबर नगरजनांनाही कळविले गेले होते. नगरजनांना हिशेब कळण्याची ती रीत पुन्हा सुरू करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.